वरच्या मजल्यावरचा नावाडी

मुलांनो, परदेशी कंपन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, तेव्हा नारायणगुड्याच्या आपल्या घरात वरच्या मजल्यावर एक डच इंजिनिअर भाड्याने राहत असे. मायदेशी तो वल्ह्यांच्या शर्यतीतला विजेता होता. रोज पहाटे हुसेनसागरावर सराव करून येई आणि जिन्यातूनच विचारी, "क्या अम्मा, खैरियत?" आपल्याकडे कुणाचाही वाढदिवस असला की तो घरातल्या प्रत्येकाशी हात मिळवी. भांडी घासणाऱ्या यादम्मालाही "मुबारक" म्हणे. त्याच्या देशात वाढदिवसाला साऱ्या घराचंच अभिनंदन करतात.

मायदेशाच्या आठ जणांच्या नावेत त्याला पुन्हा जागा हवी होती. निवडीला जाऊन आला आणि एवढंच म्हणाला, "कमर बोली, अब बस." त्याच्या जागी दुसरा बसला.

पुढे ती नाव जगात पहिली आली. बातमी त्यानेच खाली येऊन सांगितली आणि लगेच वर निघाला. मी त्याचा हात धरला. "मुबारक," म्हटलं.

"मेरेकू कायकू, अम्मा?"

"जीते सो तुम्हारेच घर के हैं ना."

तो पायरीवरच बसला. यादम्माने ओला हात पदराला पुसला आणि पुढे केला.