मापताईंचं ऑपरेशन

मापताईंना कारखान्यात बसलेलं मी फार कमी पाहिलं. दोन्ही हात आडवे पसरून त्या मधोमध उभ्या असायच्या. मास्टर त्यांच्याभोवती तोंडात टाचण्या धरून फिरत असायचा आणि ताई तिथूनच सगळा कारखाना चालवायच्या. "ए, ती बाही उलटी लागली बघ." "पाण्याचा कॅन आला का?" "आधी जेवून घे, मग रड." मास्टरचा हात जरा जोरात लागला की म्हणायच्या, "मास्टर, जपून. आत माणूस आहे."

सुरतेच्या पांडेसऱ्यात आमचा कुर्त्यांचा कारखाना. मोठ्या मापाचा कुठलाही नवा कुर्ता निघाला की त्याचा पहिला नग ताईंच्या अंगावर बेतला जायचा. त्यांना बगलेत काचला नाही, छातीवर ताणला नाही, की तो पास. मग तसे कुर्ते गठ्ठ्यांनी बांधून कुठल्या कुठल्या राज्यांत जायचे. म्हणून त्यांचं नाव मापताई पडलं. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी पुकारलं गेलं की आम्हीच इकडेतिकडे बघायचो. "माझ्या आकाराच्या बाया सगळ्या देशात आहेत गं," त्या म्हणायच्या, "फक्त आमची सभा भरत नाही."

मी साक्रीकडची. सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावाला होती, म्हणून माझी शाळा सातवीलाच संपली. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा रस्ता ओलांडायचीसुद्धा धास्ती वाटायची. माझ्या मनात आधी वाईटच येतं, हा माझा लहानपणापासूनचा स्वभाव. कारखान्यात पहिल्या दिवशी दारातच थांबले होते, तर ताईंनी हात पसरलेल्या अवस्थेतच आमच्या बोलीत विचारलं, "काय व्हयनं वं माय? आत ये. शाळा किती?" मी म्हटलं, सातवी. "मग काय तर. माझी चौथी. तू माझ्याहून तीन पायऱ्या वर आहेस." त्या दिवसापासून मी सातवी झाले. धागे कापायला त्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं. खोली त्यांनी बघून दिली. मुलगी झाली तेव्हा माझ्या बाळंतपणात डबा त्यांच्याकडून यायचा. परमुलखात आपल्या बोलीत कुणी "जेवलीस का" विचारतं, तेव्हा काय वाटतं ते घर सोडलेल्यांना सांगायला नको.

मग ताईंना साखर निघाली. गुडघे आधीच गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर पुढचं आम्हाला विचारू नका. ताईंनी भात सोडला, गोड सोडलं, भाकरी अर्ध्यावर आणली आणि उजाडता उजाडता खाडीच्या कडेनं चालायला लागल्या. कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलचं पाणी त्या खाडीत येतं. चालून आल्या की आम्हाला बातमी द्यायच्या, "आज पाणी लाल आहे. लग्नसराईचा माल लागला." दोन वर्षं हे न चुकता चाललं. एक मिसरी तेवढी सुटली नाही. तंबाखू तव्यावर भाजून तिची काळी पूड करायची आणि सकाळी उठल्याबरोबर बोटानं हिरड्यांना लावून घटकाभर उंबऱ्यावर बसायचं. ते त्यांच्या लेखी खाण्यात जमाच नव्हतं. ते दात घासणं होतं.

एखादा अख्खा माणूस अंगातून निघून जावा तशा ताई उतरल्या. साखर खाली आली, जिना चढताना धाप लागेना. आम्ही सगळ्या खूश. तोंड पडलं ते मास्टरचं. "ताई, आपने तो मेरा माप ही बिगाड दिया," तो म्हणाला. त्यानं दुसरी बाई शोधली. ताई चेकिंगच्या टेबलाशी आल्या. टाके तपासायचे, धागा सुटला असेल तर बाजूला काढायचं. नवी बाई हात पसरून उभी राहिली की ताई पाठ करून बसायच्या.

उतरलेल्या अंगाचं कौतुक सगळे करतात. उरलेल्या कातडीचं कुणी बोलत नाही. एकदा जेवणाच्या सुटीत ताईंनी मला गठ्ठ्यांच्या मागे नेलं आणि पदर बाजूला करून म्हणाल्या, "बघ तर, पिकलंय का." छातीखाली जिथे कातडीवर कातडी टेकत होती तिथे लालभडक झालं होतं, एका बाजूला पाणी सुटलं होतं. सुती चिंधीची घडी त्यांनी तिथे खोचून ठेवली होती. पत्र्याखालचा उन्हाळा, वर पंखा गरम हवा फिरवतोय. "आधी भरलेल्या होत्या, तेव्हा ओझं समजत होतं," त्या म्हणाल्या. "आता रिकाम्या आहेत, तरी मान ओढतेच." मी पावडर लावून दिली. त्यांना हसू आलं. "सातवी, एवढं तर माझ्या सासूनं कधी केलं नाही."

चट्ट्यांवर मलमं झाली. कातडीच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की मलम तात्पुरतं आहे, कातडी कातडीला लागते तोवर हे होत राहणार. याचं ऑपरेशन असतं, जास्तीची कातडी काढून छाती वर घेऊन शिवतात. ताईंच्या मनात ते बसलं. आठवडाभर त्या चेकिंग करता करता मध्येच थांबायच्या. मग मला म्हणाल्या, "मी करावं म्हणते."

मी घाबरले. भूल, रक्त, टाके तर झालेच, पण त्याहून लोकांची भीती. पोरगा कामाला लागलेला, उद्या सून येईल, आणि सासूनं हे करून घेतलं म्हटल्यावर चाळ काय बोलेल? मी सुचवलं, "ताई, घरी गाठ आहे म्हणून सांगा. गाठ म्हटलं की कुणी काही विचारत नाही." ताईंनी हातातला कुर्ता खाली ठेवला. "माझी जाऊ गाठीनं गेली. तिनं ती लपवली आणि मी नसलेली दाखवू? तसलं नाव काढू नको."

त्यांनी नवऱ्याला, आमच्या भाऊंना, सरळच सांगितलं. भाऊ डाइंग मिलमध्ये कामाला, बोलणं मोजकं. मी त्या दिवशी त्यांच्याकडे मेथी निवडत बसले होते. भाऊंनी चहा ढवळला. मग म्हणाले, "आता या वयात कुणाला दाखवायचंय?"

"दाखवायचं कुठं, झाकायचंच आहे," ताई म्हणाल्या. "पण रोज सकाळी दोन हातांनी उचलून आत ठेवायचं, खाली चिंधी घालायची, दुपारी ती बदलायची, रात्री धुवायची. मला त्याचा कंटाळा आलाय, अहो. बाकी काही नाही. कंटाळा आलाय."

भाऊंनी चहा संपवला. "म्हणजे महिनाभर पाणी मला भरावं लागणार."

"भरा की. हंडा तोच आहे."

एवढंच बोलणं. खर्चाला ताईंची भिशी होती.

ऑपरेशनच्या डॉक्टरीणबाई गुजराती होत्या, शांत. ताईंबरोबर मी गेले होते. बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं, कुठे कापणार, कुठे टाके येणार. ताई चष्मा लावून वाकल्या. "हे तर ढिल्या कुर्त्याला टक्स घेतल्यासारखं झालं." बाई हसल्या. तसंच समजा, म्हणाल्या, पण खुणा राहतील, तिथली जाणीव कमी होऊ शकते, वजन परत वाढलं तर छाती परत ओघळेल. सगळं नीट सांगितलं. मग विचारायला लागल्या. साखर किती, गोळ्या कुठल्या. "बेन, तमाकु, बीडी, एवुं कंई?"

"ना बेन. कुछ नहीं," ताई म्हणाल्या. अगदी स्वच्छ मनानं. तंबाखू पुरुष मळतात, बिडी पुरुष ओढतात. बाई दात घासते.

कुठल्याही साहेबापुढे मी आपणहून बोलणारी नव्हे. पण बाईंनी पुढचा प्रश्न विचारायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "मिसरी लावतात." बाईंना मिसरी समजेना. गुजराती बायका तिला बजर म्हणतात, तसं मी सांगितलं, आणि बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, बरं झालं बोललात. तंबाखू कुठूनही अंगात गेली तरी रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात, शिवलेल्या जागी रक्त पोचत नाही, जखम उघडी पडते, बोंडाची कातडी काळी पडून गळूनही पडू शकते. आधी मिसरी बंद, नुसती कमी नाही. मग तारीख.

परतीच्या रिक्षात ताई बाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं, इतक्या वर्षांची माया एका वाक्यात गेली. चाळीच्या तोंडाशी उतरताना म्हणाल्या, "बोललीस ते चांगलं केलंस. पण आता आठ दिवस माझ्याशी बोलू नको."

मिसरी सोडणं त्यांना भातापेक्षा जड गेलं. सकाळी मीठ-तेलानं दात घासायच्या आणि कारखान्यात चिडून यायच्या. चांगले कुर्ते नापास व्हायला लागले. मास्टर मला हळूच विचारायचा, आज हवा कशी आहे? मी मान हलवायची. ताई सांगायच्या, "गोड सुटलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नाही गं. हिच्यासाठी मात्र रडले. घरात एवढं एकच होतं, मी उंबऱ्यावर बसलेली असताना कुणी हाक मारायचं नाही." आखाजीच्या सणाला त्यांची बहीण गावाहून आली. तिनं ताजी मिसरी भाजून आणलेली. दोघी बहिणी सकाळी उंबऱ्यावर बसल्या.

तारीख जवळ आली तशा आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी मिसरीचं विचारलं. उंबऱ्यावरचं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. ताई स्वतःच म्हणाल्या, "लगाया, बेन. बहन आयी थी." बाई रागावल्या नाहीत. तारीख पुढे ढकलली. बाहेर बाकड्यावर ताई इतक्या दमून बसल्या की मला वाटलं आता सगळंच सोडतील. "थकले गं," म्हणाल्या. "आधी कमी कर, मग थांब, मग शिव. हा देह नाही, दिवाळीची ऑर्डर झाली." मग म्हणाल्या, "लपवलं असतं तर आज झालंही असतं." मी म्हटलं, "आणि मग?" बहिणीनं ठेवलेली डबी त्या संध्याकाळी त्यांनी खाडीत टाकली. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्या पाण्यात काय काय असतं, त्यात आणखी एक."

थंडी पडल्यावर ऑपरेशन झालं. हात वर करायचे नाहीत, उचलायचं काही नाही. भाऊ खरंच पाणी भरायला लागले. नळावर बायका म्हणायच्या, "भाऊ, नवी नोकरी लागली वाटतं?" भाऊ म्हणायचे, "लागली. पगार नाही." कुणी ताईंना विचारलं कशाचं ऑपरेशन, तर त्या "कातडीचं" म्हणायच्या आणि पुढे बघत राहायच्या, विचारणारीला पुढचा प्रश्न सुचत नसे. मी कामावर जाण्याआधी त्यांची वेणी घालायला जायची. एका बाजूचा टाका थोडा ओला राहिला, तेव्हा माझी झोप उडाली, पण तोही भरला. पट्ट्या निघाल्या त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हातात आरसा दिला. ताईंनी चष्मा लावला, चेकिंगच्या टेबलावर बघायच्या तसं डावं-उजवं बघितलं. "शिलाई अच्छी है," म्हणाल्या. आणि आरसा परत दिला.

फार काही बदललं नाही म्हणा. पोटाची कातडी तशीच होती, दंडांची तशीच. गुडघे गेले ते गेलेच. कारखान्यात परत आल्यावर एकदा मी विचारलं, बरं वाटतं का? ताईंनी विचार केला. "थकते तेवढीच. पण आता थकते ती कामानं थकते."

पुढल्या वर्षी भाऊंची मिल पलसाण्याकडे हलली. रोज तिकडे जाणं त्यांना झेपेना. दोघांनी गावी परतायचं ठरवलं. उधना स्टेशनवर आम्ही सोडायला गेलो. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला आमच्याकडची इतकी माणसं असतात की फलाटावर आपल्याच बोलीचा गलका असतो. भाऊ सामान लावत होते. ताई खिडकीत बसल्या आणि माझा हात गजांतून आत ओढून म्हणाल्या, "त्या बाईंसमोर माझ्या तोंडातलं सांगायला तुला भीती वाटली नाही. स्वतःच्या पोटातलं मात्र कुणाला सांगत नाहीस. महिन्याच्या महिन्याला कंबर धरून काम करतेस, चार चार वेळा कपडा बदलायला जातेस. मी काय आंधळी आहे?" मी म्हटलं, तसं काही नाही ताई. "बरं," त्या म्हणाल्या. गाडी हलली. त्यांनी हात सोडला नाही, मीच दोन पावलं चालून सोडवून घेतला.

मध्ये मुलीला ताप आला म्हणून मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर रांग होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गोळ्या लिहिल्या, आणि पुढच्या बाईकडे बघत नेहमीसारखं विचारलं, "बीजुं कंई?" 'आणखी काही?' या प्रश्नाला मी आजवर नाही म्हणून मानच हलवत आले. मी उठले होते, मुलीला उचलून घेतलं होतं, एक पाय चपलेत होता. मग मी परत खुर्चीवर बसले आणि म्हटलं, "आहे."