मालकाची खुर्ची

कॉम्प्युटर मेला, हे आमच्या मामाला उभ्या आयुष्यात कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. माणसं जातात हे त्याला मान्य आहे. यंत्रं नुसती रुसतात. हडपसरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून अख्ख्या कोथरूडचे रुसवे तो काढत हिंडतो. पिशवीत एक ड्राइव्ह असतो. बंद पडलेला लॅपटॉप त्या ड्राइव्हवरून सुरू करायचा आणि आतलं सगळं सुखरूप बाहेर काढायचं, हा त्याचा उद्योग. नियम मात्र कडक. मालक वारला असेल तर तेराव्याच्या आत यंत्राला हात लावायचा नाही, आणि लावताना शेजारी एक रिकामी खुर्ची मांडायची, मालकासाठी. एका घरी वकिलीणबाई चुकून त्या खुर्चीत बसल्या, तर मामा शांतपणे म्हणाला, "उठा, ते उभे आहेत." बाई उठल्या त्या थेट स्वतःच्याच घराबाहेर.

ती खुर्ची एक दिवस आमच्याकडे मांडावी लागली. आईला दिसत नाही. बाबा सकाळी कादंबरीचं एकेक प्रकरण वाचून लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवायचे आणि आई ते दुपारी ऐकायची. शेवटचं प्रकरण बाबांनी वाचून ठेवलं, ऐकायचं राहिलं. बाबा गेले आणि पाठोपाठ लॅपटॉपही बसला. मी वाचून दाखवतो म्हटलं, तर आई म्हणाली की शेवट तिला दुसऱ्या कुणाच्या आवाजात नको.

चौदाव्या दिवशी भर दुपारी मामाने ड्राइव्ह जोडला. पडद्यावर लाल चौकट आली: परवानगी नाही. हा सिक्युअर बूट म्हणजे सोसायटीचा वॉचमन, अनोळखी ड्राइव्हला आत सोडत नाही, असं मामाने समजावलं आणि सेटिंगमध्ये जाऊन तो बंद केला. पुन्हा लाल. पुन्हा बंद केला, पुन्हा लाल. मला उगाच बाबांच्या बामचा वास यायला लागला. खरं सांगतो, घाबरलो होतो.

मामा खुर्चीकडे बघून पुटपुटला, मग आईकडे वळला. "ताई, दाजी माझं ऐकत नाहीत. तू सांग."

आई त्या दिशेला म्हणाली, "अहो, सोडा की त्याला. घरचाच आहे."

मामाने पुन्हा सेटिंग बदललं आणि लॅपटॉप सुरू झाला. आधी दोन्ही वेळा मामा बदल सेव्ह न करताच बाहेर पडला होता, मी बघितलं होतं. ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांचा आवाज आला. प्रकरण संपलं. बाबा खाकरले, म्हणाले, "झालं. आता चहा टाक."

आई हसली, मग रडली. उठताना आधारासाठी तिचा हात खुर्चीच्या बैठकीवर पडला आणि तिथेच थांबला. "गरम आहे रे," ती म्हणाली.

मी मामाला जिन्यात गाठलं आणि चार्जर खुर्चीवर ठेवला होता ना, असं विचारलं. चपलेत पाय घालत तो म्हणाला, "चार्जर लावलाच नव्हता. बॅटरीवर चाललं." मामाची थाप मला एरवी लगेच ओळखू येते. त्या दिवशी आली नाही.

वर आलो तर आईने दोन कप भरले होते. मी एक उचलायला गेलो.

"थांब, तुझा आणते," ती म्हणाली. "तो त्यांचा आहे."

मी ती खुर्ची सोडून खाली जमिनीवर बसलो.