ठिपक्याचं ताट

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव आहे. लग्नात मामांनी दिलेला तांब्या, बारशाची वाटी, नणंदेच्या वास्तुशांतीत मिळालेला डबा, सगळ्यांवर दुकानदाराने मशीनने कोरून दिलेलं आहे. मांडणीवर एकच ताट असं आहे की ज्याच्यावर नाव नाही. त्याच्या काठाखाली फक्त एक ठिपका आहे. तो मी घालून घेतला.

हे ताट माझ्या थोरल्या जावेचं. मी तिला आक्का म्हणते. आमचं गाव मेढ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाला. थोरले दीर लष्करातून निवृत्त होऊन आले, दोन-तीन वर्षं साताऱ्यात एका कारखान्याच्या गेटवर बसले, मग आजारी पडले आणि गेले. तापाने गेले असं आम्ही गावात सांगितलं. घरात मात्र दवाखान्याचा कागद आला होता. मग आक्काचं रक्त तपासलं आणि तिचाही कागद तसाच आला. दिरांना हे कुठून आलं असं कुणी कधी विचारलं नाही. आक्काला मात्र सासूबाईंनी तीन वेळा विचारलं.

औषध साताऱ्याला मिळत होतं. मेढ्याच्या गाडीतून स्टँडवर उतरलं की चालत जाण्याएवढं अंतर. पण साताऱ्याला आपली माणसं भेटतात, अर्धं गाव तिथे कुठे ना कुठे नोकरीला. म्हणून घरात ठरलं की आक्काने सांगलीला जायचं. म्हणजे साताऱ्याच्या स्टँडवर उतरायचं, औषधाकडे पाठ करायची आणि दुसऱ्या गाडीत बसून आणखी तीन-साडेतीन तास जायचं. हा शहाणपणा माझ्या नवऱ्याचा. मीही मान डोलावली. गाडीत कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं तेही ठरलं होतं, मिरजेला डोळे दाखवायला चाललेय. पुढे पुढे बायका विचारायला लागल्या, "किती वर्सं डोळं दावतीया ही?" आक्काच्या डोळ्यांत काडीचा बिघाड नव्हता. पलीकडच्या उतारावर कुणाची म्हैस कुणाच्या रानात शिरली ते सगळ्यांत आधी तिलाच दिसायचं.

पहिल्या खेपेला मी तिच्याबरोबर गेले. मी अंगणवाडी सेविका. शिकलेली, चार माणसांत बोलणारी, म्हणून मलाच धाडलं. तिथे समजावून सांगणाऱ्या बाई होत्या. तरुण होत्या, पण नीट बोलल्या. गोळी रोज एक, रोज एकाच वेळी. आठ म्हणजे आठ. विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. डबीतून काढून दुसरीकडे ठेवायची नाही, दमट होतात. पित्ताचं पातळ औषध, कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी याच्याबरोबर नको, मध्ये अंतर ठेवायचं, आधी आम्हाला विचारायचं. गावठी औषध कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी घ्यायचं नाही. आणि एका ताटात जेवल्याने, एका घरात राहिल्याने हे होत नाही, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. मी अंगणवाडीत बायका मान हलवतात तशी मान हलवली.

शेवटी आक्का म्हणाली, "बाई, माज्या ध्यानात ऱ्हायला पायजे. आठ कवा वाजत्यात ते मला कळायचं न्हाई."

त्या म्हणाल्या, "रात्री जेवल्यावर घ्यायची, बस्स. म्हणजे विसरणार नाही."

आक्काने ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटलं. जेवल्यावर, जेवल्यावर.

तिथून निघालो आणि मी भांड्यांच्या दुकानात शिरले. घरून निघताना सासूबाईंनी सांगितलं होतं, "येताना एक ताट आन तिच्यासाटनं. येगळं." अर्ध्या तासापूर्वी ऐकलेलं सगळं माझ्या कानात ताजं होतं. तरी मी शिरले. आक्का माझ्या शेजारीच उभी होती, औषधाची पिशवी पदराखाली धरून. दुकानदार जैन गृहस्थ, बोलायला गोड. त्यांनी ताट पुसून मशीन हातात घेतलं आणि विचारलं, "नाव काय घालू ताई?"

मला नाव घालायचं नव्हतं. नाव घातलं तर ती आपली भेट झाली असती, मानाची. पण ओळख तर पटायला हवी होती. मी म्हटलं, "नाव नको. नुसता एक ठिपका घाला."

त्यांना काही कळेना. "एकच ठिपका?"

"एकच," मी म्हटलं. आक्का रस्त्याकडे बघत होती.

त्या दिवसापासून ती ठिपक्याच्या ताटात जेवायला लागली. आम्ही सगळे ओळीत बसायचो आणि ती चुलीच्या पलीकडे, भिंतीला टेकून. ताट तिचं तिने घासायचं, मांडणीच्या खालच्या फळीवर तिचं तिने ठेवायचं. मी रोज सकाळी अंगणवाडीच्या भिंतीवरच्या एड्सच्या तक्त्यासमोर उभी राहून बायकांना सांगायची की स्पर्शाने, सोबत जेवल्याने हा आजार पसरत नाही. त्या तक्त्यावर दोन बायका एका ताटात जेवतानाचं चित्र होतं. मी त्यावर छडी ठेवून दाखवायची. आज आठवलं की माझीच मला शिसारी येते.

सासूबाई दीड वर्षाने गेल्या. ताट राहिलं. आम्ही ते कुणी उचललं नाही, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सासूबाईंच्या धाकाने चाललंय असं मी तोवर स्वतःला सांगत होते. त्यांच्या माघारी तो आडोसाही गेला. ताट सासूबाईंचं नव्हतंच, माझं होतं.

याच काळात आक्काचे उपवास वाढले. आधी एकादशी तेवढी करायची. मग सोमवार आला, गुरुवार आला, शनिवार आला. नवरात्राचे नऊ दिवस. आणि तिचे उपवास दोन्ही वेळचे, रात्री सोडायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचे. गावात तिचं फार कौतुक. नवऱ्यामागे किती करते बिचारी, म्हणायचे. मीही म्हणायची की देवाधर्मात मन रमवतेय, बरंच आहे. खरं म्हणजे ती ओळीपलीकडे बसलेली दिसली नाही की मलाही घास गोड लागायचा.

मागच्या वर्षी ती उतरायला लागली. आधी तोंड आलं, मग पोट बिघडलं ते थांबेना. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. मेढ्याच्या डॉक्टरने दोनदा औषध दिलं. सांगलीला रक्त दिलं, आणि पुढच्या खेपेला बोलावणं आलं की घरचं कुणी बरोबर या. एकटीला गाडीत चढवतही नव्हतं, म्हणून मी गेले.

आता तिथे दुसऱ्या बाई होत्या, वयाने मोठ्या. त्यांनी कागद समोर ठेवून सांगितलं, "रक्तात विषाणू खूप वाढलेत. गोळ्या चालू असताना असं व्हायला नको. एक तर गोळ्या चुकताहेत, नाही तर विषाणूला या गोळ्यांची सवय झालीय. सवय झाली असेल तर औषध बदलावं लागेल, आणि अशी औषधं आमच्याकडेही काही ढीगभर नाहीत." मग आक्काला विचारलं, "गोळ्या चुकतात का?"

"न्हाई बाई."

"डब्या तर रिकाम्या येतात," बाई कार्डावर बघत म्हणाल्या. मी मनात म्हटलं, म्हणजे गोळ्याच लागू पडेनात असंच ना? आक्काचं वय तेव्हा पन्नासही नव्हतं.

पण त्या बाई मुरलेल्या होत्या. त्यांनी कार्ड बाजूला सारलं आणि गप्पा मारायला बसल्यासारखं विचारलं, "काल रात्री काय जेवलात?"

"काल उपास हुता."

"मग गोळी?"

आक्काने त्यांच्याकडे असं बघितलं की काय अडाणी बाई आहे. "उपासाला कशी घ्यायची? जेवल्यावर घ्यायची हाय की ती. तुमीच म्हनला हुता."

"फराळ केला असेल ना काही?"

"फराळ म्हंजे जेवान व्हय?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन एकादशा, नवरात्र. मी मनातल्या मनात जोडत गेले. आठवड्यातल्या जवळजवळ निम्म्या गोळ्या तिने घेतल्याच नव्हत्या, आणि एकही चुकवली नव्हती.

"अहो, या गोळीचा जेवणाशी काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. "जेवून घ्या, उपाशी घ्या, पाण्याबरोबर घ्या. जेवल्यावर म्हणजे नुसती वेळ ध्यानात राहावी म्हणून."

"आस्सं," आक्का म्हणाली.

उरलेल्या गोळ्यांचं काय केलंत, विचारल्यावर तिने सांगितलं की एकदा डबीत गोळ्या उरल्या म्हणून तिथल्याच कुणीतरी सगळ्यांदेखत झापलं होतं. त्यानंतर ती निघायच्या आदल्या दिवशी उरलेल्या गोळ्या शेवयांच्या जुन्या डब्यात ओतायची. औषध टाकवत नव्हतं. बाई म्हणाल्या, त्या आता घेऊ नका, आणून द्या. औषध आज बदलत नाही. तीन महिने रोज आठला गोळी, एकही दिवस खाडा नाही, मग पुन्हा रक्त तपासू. त्या वेळी विषाणू दबलेला नसला तर मात्र अवघड आहे.

परतीच्या गाडीत मी रागाने धुमसत होते. त्या पहिल्या तरुण बाईंवर, झापणाऱ्यावर, आक्काच्या देवांवर. कराडच्या पुढे माझा तोल सुटला. मी म्हटलं, "आक्का, इतके उपास करायला तुम्हाला सांगितलं कुणी? कुठला देव म्हणाला होता, जीव द्या म्हणून?"

ती खिडकीबाहेर उसाकडे बघत होती. म्हणाली, "द्येवासाटनं कोन करतंय?"

"मग?"

"उपासाला ताट लागत न्हाई. केळ हातात खायाचं, शेंगा पदरात घ्यायच्या. कुटंबी बसलं तरी चालतंय. कुनी बगत न्हाई ती कुटं बसलीया."

तिने ते कुणी तिकिटाचं सांगावं तसं सांगितलं. आमच्या घरी तिला मारायला विषाणूची गरजच नव्हती.

त्या संध्याकाळी मी तिला आमच्यातल्याच एका ताटात वाढलं आणि ओळीत बसा म्हटलं. ती उठली, खालच्या फळीवरून ठिपक्याचं ताट घेतलं, त्यात सगळं ओतून घेतलं आणि भिंतीला जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी पुन्हा म्हणायचं सोडून दिलं. मोबाइलमध्ये आठचा गजर लावला, तेवढं मात्र तिने मान्य केलं. गजर झाला की मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहायची. ती गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची आणि तोंड उघडून मला दाखवायची, शाळेतल्या पोरीसारखी. त्यात चेष्टा होती की राग, मला आजवर ठरवता आलेलं नाही. उपवास तिने सोडले नाहीत. पित्त व्हायचं, पण औषध मला दाखवल्याशिवाय घेत नव्हती.

तीन महिन्यांनी रक्त दिलं. कागद आला त्या दिवशी मी बाईंचं तोंड बघत बसले होते, कागद बघायचं धाडस नव्हतं. त्या हसल्या. विषाणू दबला होता. तीच गोळी लागू होती, सवय-बिवय काही झालेली नव्हती. मी तिथेच रडले. आक्काने मला डोळे पुसायला पदर दिला आणि बाईंना म्हणाली, "हिला बी कायतरी द्या."

मला वाटलं, सुटलो. एवढी मोठी चूक, आणि तिच्या जिवावर न बेतता टळली. त्या संध्याकाळी मी गोडाचा स्वयंपाक केला. ताटं मांडताना मी खालच्या फळीवरून ठिपक्याचं ताट काढलं आणि माझ्या जागेवर ठेवलं. तिच्यासाठी माझं ताट ठेवलं, माझ्या सासरचं नाव घातलेलं. मनात कुठेतरी मी स्वतःवर खूष होते.

ती आली, बघितलं. "ते खाली ठिव," म्हणाली.

"आज मी जेवते ना आक्का यात."

"एवडी वर्सं मी एकली जेवत हुती त्येच्यात. तवा न्हाई तुला भूक लागली?"

माझा नवरा पानावर बसला होता, त्याने मान खाली घातली. तिने माझ्यासमोरून ताट उचललं, पदराने पुसलं, स्वतः वाढून घेतलं आणि भिंतीला टेकून पोटभर जेवली. गजर झाला. तिने गोळी घेतली, पण त्या दिवशी तोंड उघडून दाखवलं नाही. मग ताट घासून खालच्या फळीवर ठेवलं.

ती आता ठणठणीत आहे. साताऱ्याला जाते, स्टँडवर उतरून चालत. तिथे भेटायचे ते लोक भेटतात. ठिपक्याचं ताट अजून खालच्या फळीवर आहे, त्याला हात लावायची परवानगी मला नाही. मी माझ्या ताटात जेवते. भात संपत आला की तळातलं माझं नाव वर येतं, आणि ते मला रोज वाचावं लागतं.