गोळीवाले मामा

मामा कुणाच्याही घरी गेले की आधी प्यायला पाणी मागायचे, आणि ते त्या घरातल्या रोग्यानंच आणून द्यावं असा त्यांचा हट्ट असायचा. घरच्यांच्या देखत तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायचे, मग बॅगेतून गोळ्या काढायचे. सरकारी कागदावर ते कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. आमच्या भागात सगळे त्यांना गोळीवाले मामाच म्हणत. 'महारोग' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. "चट्टा हाय, जाईल," एवढंच म्हणायचे.

मी तेव्हा राणीसावरगावच्या शाळेत शिक्षक होतो. मामा पोरांची तपासणी करायला आले आणि फळ्यावर लिहिताना वर गेलेल्या माझ्या बाहीखाली त्यांची नजर थांबली. शाळा सुटल्यावर त्यांनी मला डोळे मिटायला सांगून दंडावरच्या चट्ट्यावरून कापूस फिरवला. मला स्पर्शच कळला नाही. माझं लग्न ठरलेलं होतं. मी रडायलाच लागलो.

"मास्तर, नोकरी जात न्हाई, लग्न मोडत न्हाई. गोळी तेवढी सोडू नका. बाकी माझ्याकडं लागलं."

मग दर महिन्याला ते पोरं तपासण्याच्या निमित्तानं यायचे. महिन्याची लाल कॅप्सूल त्यांच्यासमोरच गिळायची. "आता लघवी लाल होईल, घाबरू नका," हे दर खेपेला सांगायचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत बंद पुकारलेला असायचा, एसट्या डेपोत उभ्या असायच्या, तरी मामा सायकल हाणत यायचेच.

रोजच्या गोळीनं माझा रंग काळवंडत चालला. लग्नानंतर सासरी जो तो विचारायचा. एका महिन्यात मी गोळ्या घेतल्याच नाहीत. मामांनी उरलेली पाकिटं बघितली, रागावले नाहीत.

"लोक इचारायलेत, मामा. काय सांगू?"

"सांगा, उन्हात शेत करायलोय. चमडी पुन्हा उजळती, मास्तर. बोटं वाकली तर सरळ होत न्हाईत."

त्या दिवशी त्यांनी माझी बोटं आपल्या हातात घेऊन एकेक करून सरळ करून दाखवली. मी पुन्हा गोळी सोडली नाही.

माझा कोर्स संपला तरी मामा येत राहिले. एकदा आले ते रिकाम्या वर्गात बाकावर नुसतेच बसून राहिले. त्यांची धाकटी बहीण गयाबाई वालूरला दिलेली होती. दिवाळीला ती माहेरी आली आणि चुलीवरचं पातेलं तिनं उघड्या हातांनी उतरवलं. मामा समोरच होते.

"गया, हात दाखव."

"काई न्हाई दादा, चटका बसला."

"दुखायलंय का?"

गयाबाईनं हात मागं घेतला. मामांना सगळं कळलं. दुखत नव्हतं.

तिनं बरीच वर्षं चट्टा लपवला होता. मामांनी वालूरला यायचं नाही, असंही तिनंच बजावलं होतं. "तू दारात आला की लोक म्हणतात, गोळीवाला आला, ह्यांच्या घरात कुणाला तरी झालं," असं ती म्हणायची. मामांना ते पटलं होतं, म्हणून ते गेले नव्हते.

"मास्तर, लोकायच्या चुलीपर्यंत जाऊन गोळ्या दिल्या मी," ते म्हणाले, आणि बाकावरून उठून सायकलकडं चालू लागले.

नवऱ्यानं गयाबाईला पुन्हा नेलं नाही. ती मामांकडंच राहिली, सगळा कोर्स तिनं पुरा केला. रोग गेला. मामा रोज सकाळी तेल लावून तिची बोटं चोळायचे. पण ती सरळ झाली नाहीत. पाहुणे आले की गयाबाई हात पदराखाली घ्यायची.

विद्यापीठाच्या नावाचा वाद मिटला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मामा गेले. दौऱ्यावरून आले, ओसरीवर जरा टेकले, ते उठलेच नाहीत.

दहाव्याला मी गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर गेलो. खाली पाण्याजवळ नातेवाईक होते. वरच्या पायऱ्यांवर मात्र अनोळखी माणसं एकेकटी उभी होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बोलायचं तर मामांची ओळख कशी, ते सांगावं लागलं असतं.

मामांचा मुलगा माझ्याजवळ आला. "तुमी कुठले? बाबांची वळख कशी?"

माझ्या घरी तोवर कुणालाही माहीत नव्हतं.

"मी त्यांचा पेशंट," मी म्हणालो. आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. खाली बसलेल्या गयाबाईनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. माझ्या शेजारचा फेटेवाला म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "मी बी."