शंभर मीटरपलीकडचा पाहुणा

"अण्णा, मी येतोय. पण घरी नाही येणार."

मुलाचा फोन होता. तो दोन्ही वाक्यं एका दमात बोलला, त्यामुळे पहिल्याचा आनंद करावा की दुसऱ्याचा राग, हेच मला कळेना. शेवटी राग केला. तो मला जास्त सवयीचा आहे.

मुलगा बरीच वर्षं परदेशात असतो. तिकडचं नागरिकत्वही त्यानं घेतलंय. त्याची संस्था वेगवेगळ्या देशांत निवडणुका बघायला माणसं पाठवते. पेट्या नीट सील होतात का, रांगेत कुणी कुणाला दमदाटी करतं का, मोजणीच्या वेळी दिवे जातात का, हे बघायचं आणि लिहून द्यायचं. मध्ये पडायचं नाही, कुणाचं काही घ्यायचं नाही, मत व्यक्त करायचं नाही. मी त्याला चिडवायचो, "म्हणजे तू जेवायची परवानगी नसलेला वऱ्हाडी." त्याची आई हसायची. ती गेल्यापासून मी हा विनोद केलेला नाही.

या वेळी त्याच्या पथकाला आपल्या देशाचं निमंत्रण आलं होतं. आपल्याकडं या लोकांना निरीक्षक म्हणत नाहीत, पाहुणे म्हणतात. निरीक्षक आपले आपण नेमतो. पाहुण्यांनी गळ्यात ओळखपत्र घालून हिंडायचं आणि बघायचं. पथकाच्या वाट्याला नेमकं आमचं शहर आलं. ओळखपत्र मिळण्याआधी प्रत्येकाला आचारसंहितेवर सही करावी लागते, आणि त्या भागात कुणी नातेवाईक असेल तर ते जाहीर करावं लागतं.

"मग तू काय लिहिलंस?"

"वडील. निवृत्त शिक्षक. पडेगाव."

आमच्या आडनावाची हजार माणसं या जिल्ह्यात निघतील. तो गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं असतं? पण त्यानं लिहिलं. मग पथकाच्या प्रमुख बाईंनी ठरवलं की यानं शहराच्या दुसऱ्या टोकाची, शेंद्र्याच्या बाजूची केंद्रं बघावीत, पडेगावच्या केंद्रात पाऊल टाकू नये, आणि पथकाचं निवेदन दिल्लीत जाहीर होईपर्यंत वडिलांची भेट घेऊ नये. निवेदन झालं की तिथूनच विमान, पुढच्या देशाला. व्हिसा पथकाचा, तिकीटही पथकाचं.

"मग मला सांगितलंस तरी कशाला?" मी म्हणालो.

"टीव्हीवर दिसलो असतो तर तुम्ही काय म्हणाला असता?"

हे सगळं त्याला मीच शिकवलंय.

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, त्यामुळे प्रत्येक निवडणुकीत ड्युटी ठरलेली. पुढं पुढं केंद्राध्यक्ष म्हणूनच जायचो. आदल्या संध्याकाळी गावात पोचलो की कुणाच्या ना कुणाच्या घरून जेवणाचा निरोप यायचा. मी जायचो नाही. बायको फडक्यात धपाटे बांधून द्यायची, ते दोन दिवस पुरवायचो. पाणीसुद्धा आपल्या कॅनमधलं. कन्नडकडच्या एका गावात पाटलांच्या घरून चहाची किटली आली, मी परत पाठवली. तेव्हा पाटलीणबाई स्वतः शाळेच्या दारात आल्या. "का हो गुरुजी, आमच्या हातचं चालत नाय व्हय?"

मी हात जोडले, नियम सांगितला. पण मनातून मला काय वाटत होतं ते आज लिहितो. अशाच गावांत माझ्या वडिलांना चहा मिळायचा तो दाराबाहेर, वळचणीला खोचलेल्या फुटक्या कपातून. त्यांच्या मुलाला पाटलांच्या घरून किटली येते आणि तो नको म्हणतो, आणि त्याला कुणी काही करू शकत नाही, कारण त्या दिवशी तो नियमाचा माणूस असतो. मला ते फार बरं वाटायचं. लोक नियमांना नावं ठेवतात. मला खुर्ची नियमानंच दिली होती.

घरी आलो की हे मी पोराला रंगवून सांगायचो. तोही मतदानाच्या दिवशी डाव्या बोटाला स्केचपेन लावून बसायचा. मी आणि बायको मत देऊन आलो की तिघं बोटं जवळ धरून बघायचो, कुणाची शाई गडद.

आता कुठल्या तोंडानं त्याला म्हणू, की सोड तुझा नियम आणि जेवायला ये?

तरी मी घर झाडलं. माळ्यावरची गादी काढून उन्हात टाकली. शेजारच्या वहिनींचं लक्ष असतंच.

"गुरुजी, पोरगा येनार म्हनं?"

"गावात येणार. घरी नाही."

"अगं बाई! भांडन झालं का काय?"

"नियम आहे तसा."

त्यांनी गादीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कसला वो नियम, बापाला भेटायचा नाय असा? लईच शिकलं की मग हे असं व्हतं." मी त्यांना आचारसंहिता समजावायला लागलो, तर त्यांचा कुकर झाला. गादी मी संध्याकाळी पुन्हा माळ्यावर टाकली.

पथक क्रांती चौकाजवळच्या एका हॉटेलात उतरलं होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी माझ्या चष्म्याची दांडी सैल झाली. पडेगावातही चष्म्याचं दुकान आहे. पण मी रिक्षा धरून क्रांती चौकात गेलो. दुकानदारानं एका मिनिटात स्क्रू आवळला, पैसेही घेतले नाहीत. मग मी हॉटेलच्या समोरच्या बाजूला, एका बंद शटरच्या सावलीत उभा राहिलो. रस्ता ओलांडायचा नाही, हे घरून निघतानाच ठरवलं होतं. नुसतं बघायला काय हरकत आहे? बघण्याची तर त्यालाही परवानगी आहे.

बराच वेळ उभा होतो. आतून गोरी माणसं आली, गाडीत बसून गेली. एक नवरदेव आला, त्याच्या मागं फेटे बांधलेली पोरं. माझा मुलगा काही आला नाही. शटरवाला दुकान उघडायला आला आणि म्हणाला, "चाचा, किसका इंतजार है?" मी म्हणालो, "कुणाचा नाही." आणि स्वतःचाच इतका राग आला, की येताना रिक्षावाल्याशी विनाकारण भांडलो. घरी येऊन दार लावलं तेव्हा कळलं, राग नव्हता तो. मला फार एकटं वाटत होतं. बायको गेली त्या आठवड्यातही इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा घरात माणसं होती आणि त्यांच्यात तोही होता.

मतदानाला मी सकाळीच गेलो. पडेगावची शाळा, रांगेत ओळखीचे चेहरे, ऊन लवकरच तापलेलं. आत पहिल्या अधिकाऱ्यानं माझं नाव मोठ्यानं वाचलं, सगळ्या पक्षांच्या पोरांना ऐकू जावं म्हणून वाचतात तसं. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पूर्वी आमच्या घर क्रमांकाखाली लागोपाठ तीन नावं असायची, आणि मधल्या नावात मी दोनदा असायचो, एकदा नवरा म्हणून, एकदा बाप म्हणून. आता त्या घर क्रमांकाखाली मी एकटाच. शाई लावली, बटण दाबलं, शिट्टीसारखा तो लांब आवाज आला आणि मी बाहेर पडलो.

फाटकातून रस्त्यानं पुढं चुन्याची रेषा असते, शंभर मीटरवर. तिच्या आत प्रचार चालत नाही. त्या रेषेच्या पलीकडं एक पांढरी गाडी उभी होती. गाडीतून एक उंच परदेशी बाई उतरल्या, सोबत आपल्याकडची एक तरुण मुलगी, गळ्यात दुभाष्याचं ओळखपत्र. आणि मागच्या दारानं माझा मुलगा उतरला.

नंतर कळलं, या बाई म्हणजेच पथकाच्या प्रमुख; शेंद्र्याकडचं त्यांचं काम लवकर आटोपलं होतं आणि उरलेल्या वेळात त्यांनी हे केंद्र घेतलं. गाडी एकच, तर त्याला कुठं सोडणार? तो बाईंशी काहीतरी बोलला, त्यांनी मान हलवली, आणि तो रस्ता ओलांडून रसवंतीजवळ जाऊन उभा राहिला. आमच्याकडं पाठ करून. केस विरळ झालेत. खांदे त्याच्या आईसारखे, थोडे पुढं झुकलेले. गळ्यातल्या पट्टीवरून ओळखपत्र मागं फिरून पाठीवर आलं होतं.

मी तसाच निघून जायला हवं होतं. पण ती मुलगी नेमकी माझ्याच पुढं आली.

"आजोबा, मॅडमना मतदारांशी बोलायचंय. दोन मिनिटं द्याल? कुणाला मत दिलं ते विचारणार नाही."

"आजोबा नाही, गुरुजी म्हण," मी म्हणालो. "विचारा."

तो माझा मुलगा आहे, हे तिथंच सांगितलं असतं तर बाईंनी वही मिटली असती आणि त्याला चार लोकांत खुलासे करावे लागले असते. शिवाय मला बोलायचं होतं. सकाळपासून पोलिंगच्या लोकांशिवाय कुणी माझ्याशी बोललं नव्हतं.

कुणी दबाव आणला का? नाही. मत गुप्त राहिलं असं वाटतं का? हो. आत वागणूक कशी होती? चांगली. मी भराभर उत्तरं देत होतो, थोडी मोठ्यानं. मास्तरकीमुळे आवाज तसा मोठाच आहे.

मग मुलीनं शेवटचा प्रश्न विचारला. "काही अडचण? काही सुधारणा हवी असं वाटतं?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मांडव नव्हता, पाण्याचा माठ रिकामा होता. केंद्राध्यक्ष म्हणून मी अशा डझनभर त्रुटी काढल्या असत्या. पण तोंडातून भलतंच आलं, आणि ते शाळेतल्या भाषेत नाही, घरातल्या भाषेत आलं.

"एकट्यानं यावं लागतं बाई. म्हाताऱ्या मान्साला कुनीतरी संगं पाहिजे."

"घरी कुणी नाही का?"

"हाय की. लांब हाय."

मुलीनं भाषांतर केलं. बाईंनी पुष्कळ वेळ लिहिलं आणि मुलीकरवी मला ऐकवलं, 'ज्येष्ठ मतदारांना केंद्रावर सोबत मिळण्याची व्यवस्था असावी.' असं लिहिलं तर चालेल का?

"चालेल," मी म्हणालो.

रसवंतीचं चाक थांबलं होतं. माझ्या मुलानं ऐकलं होतं. तो वळला आणि रस्त्याच्या पलीकडून माझ्याकडं बघू लागला. काय करावं न सुचून मी डाव्या हाताचं बोट वर केलं, शाईचं. त्यानंही डावं बोट वर केलं, कोरं. मग बाई त्याच्याकडं बघतायत असं दिसल्यावर त्याच बोटानं त्यानं कान खाजवला. मला हसू आलं. मी घराकडं चालू लागलो. मागं वळून बघितलं नाही, त्याची पंचाईत नको म्हणून.

त्या दिवशी मी धपाटे करून ठेवले होते, कुणासाठी ते मलाच माहीत नव्हतं. वाकडेतिकडे झाले होते. दोन दिवस तेच खाल्ले.

त्याचा फोन दिल्लीच्या विमानतळावरून आला, निवेदन वाचून झाल्यावर.

"अण्णा, तुमची ती ओळ आली होती मसुद्यात. सोबतीची. मी मॅडमना सांगितलं की ते माझे वडील होते. नातेवाईकाचं म्हणणं धरता येत नाही. ओळ काढली."

"बरोबर केलंस," मी म्हणालो. खरंच बरोबर होतं. माझ्या केंद्रावर मीही तेच केलं असतं. पण एवढी वर्षं कुणाजवळ बोललो नव्हतो ते एकदाचं बोललो होतो, कागदावरही आलं होतं, आणि ते नियमानुसार काढून टाकलं गेलं.

"रागावलात?"

"नाही रे. विमान किती वाजता?"

"आहे थोडा वेळ. अण्णा, निवेदन झालंय. आता विचारायला हरकत नाही. तुम्हाला खरंच कुणी सोबत पाहिजे का?"

हा प्रश्न त्यानं आधीही विचारला होता. आई गेली तेव्हा, नंतर दर दिवाळीला. प्रत्येक वेळी मी नको म्हणालो होतो. माझं बरं चाललंय, इथं बुद्धविहार आहे, शेजार आहे, तू तुझं बघ. पाटलांच्या किटलीला नको म्हणायचो त्याच ताठ मानेनं.

"पाहिजे," मी म्हणालो.

तिकडून कुठल्याशा विमानाची घोषणा ऐकू आली, आधी हिंदीत, मग इंग्रजीत. तो म्हणाला, "अण्णा, रांग लागलीय," आणि त्याला फोन ठेवावा लागला.