लाभ धरायचा की नाही

पुण्याहून निघताना माझ्या गाइडनी मला एकच वाक्य ऐकवलं होतं. "नाशिक शिकवायला छान आहे, मोजमाप मात्र आता विसरा." पीएच.डी. नुकतीच संपली होती आणि मी नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायला चालले होते. सर वाईट हेतूने बोलले नव्हते. बारीक मोजमापाला लागणारी यंत्रं, पैसा, माणसं यांतलं काहीच तिथे मिळणार नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण मला राग आला, आणि राग आला की तो मी नीट सांभाळून ठेवते. हा अकरा वर्षं सांभाळला.

त्या रागातून आमच्या कॉलेजच्या गच्चीवरची खोली उभी राहिली. आधी तिथे मोडकी बाकं आणि गॅदरिंगचे पडदे होते. ते बाहेर काढायला प्राचार्यांनी दोन वर्षं घेतली. मग एका संस्थेने जुन्या झालेल्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या दिल्या. या पट्ट्यांतून कण गेला की आत क्षीण चमक उठते. पट्ट्या बसवायची चौकट सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपवाल्याकडून करून घेतली. "मॅडम, पाव अंशसुद्धा हलणार नाही," तो म्हणाला होता, आणि खरंच हलली नाही.

आम्ही मोजत होतो ते म्यूऑन. अवकाशातून येणारे कण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात आणि त्यातून पुढे हे म्यूऑन जन्माला येतात. हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या तळहातातून एखाद-दुसरा आरपार गेलाही असेल. त्याने काही होत नाही. डोक्यावरून सरळ येणारे जास्त असतात, क्षितिजाकडून तिरपे येणारे कमी, कारण तिरप्या वाटेत हवा जास्त लागते आणि बरेच वाटेतच संपतात. किती कमी, तेही सिद्धांत सांगतो. चौकट कलती करत गेलं की संख्या एका ठरलेल्या वक्रावरून उतरत जायला हवी. शोध लावायचा नव्हताच. जे जगाला माहीत आहे तेच आमच्या गच्चीवरून, आमच्या हातांनी, नेमकं मोजता येतं हे मला दाखवायचं होतं. दोन टक्क्यांपर्यंत नेमकं, असं मी पुण्याच्या परिषदेला पाठवलेल्या सारांशात लिहूनही टाकलं होतं. सारांश मंजूर झाला. त्या सत्राचे अध्यक्ष माझे गाइडच होते.

मोजायला विकतचा काउंटर होता, पण इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झाला की तो एकदम शे-दीडशेने पुढे उडी मारायचा. कितीही वेष्टनं घातली तरी त्याचं पंपाशी असलेलं नातं तुटेना. शेवटी मी तो कपाटात टाकला आणि ठरवलं की माणसांनी मोजायचं. दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी कण गेला की लाल दिवा लागे. तो लागला की मनात एक आकडा पुढे सरकवायचा, अर्धा तास झाला की बेरीज कागदावर लिहायची, खाली सही करायची. खाली मान घालून रेघा ओढत बसलं तर दिवा चुकतो, म्हणून रेघा मारायच्या नाहीत हा नियमही माझाच.

मोजणारे आम्ही दोघे. एक मी, आणि दुसरे आमचे लॅब अटेंडंट. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणतं. ते सिन्नरजवळच्या खेड्यातून रोज एसटीने येतात. घरी थोडी शेती आहे. सकाळी कांद्याला पाणी दिलं नाही तर दिवसभर त्यांना चैन पडत नाही. त्यांना म्यूऑन म्हणजे काय ते मी एकदा समजावलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "दिसत नाय, लागत नाय, मग येतो कशाला?" पण दिव्यासमोर बसले की ते पापणीही लववत नसत.

परिषदेला बारा दिवस राहिले तेव्हा मी सगळे कागद एकत्र केले. सरळ वरच्या दिशेला आकडे सुरेख बसत होते. जसजशी चौकट कलती, तसतसे ते वक्राच्या खाली घसरत होते. पंचाहत्तर अंशांना अर्ध्या तासात साधारण आठ कण यायला हवेत, आमचे येत होते साडेसात. एकदा आले तर नशीब म्हणता येतं. शेकडो कागदांची सरासरी तशी आली तर यंत्रात खोट आहे. मी पश्चिमेच्या भिंतीला दोष दिला, जिन्यावरच्या टाकीला दिला, चौकटीचे कोन पुन्हा तपासले. वर्कशॉपवाल्याला फोनवर दोन शब्द सुनावलेही. तो बिचारा ऐकून घेत राहिला.

मग मी कागद सहीप्रमाणे वेगळे केले. मामांची सरासरी आठ निघाली आणि माझी सात.

इथे कोणाही शहाण्या माणसाने विचार केला असता की मामांचा आकडा सिद्धांताशी जुळतोय. मी असा विचार केला की मामा एक जास्त मोजतायत आणि माझ्या आकड्यांना दुसरंच काही कारण आहे. डॉक्टरेट असलेल्या बाईचं मोजणं चुकतं हे माझ्या मनाला शिवलंच नाही. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीच्या दाराशी गुपचूप उभी राहिले. मामा दिव्यासमोर बसले होते. दिवा लागला आणि मामा पुटपुटले, "लाभ."

मला पुरावाच मिळाला. धान्य मापताना आपल्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझ्या वडिलांचं नांदगावच्या बाजारात धान्याचं दुकान होतं. तिथे मी दहा-बारा वर्षं ते ऐकलं होतं. वडील पहिलं मापटं 'लाभ' म्हणून पाखरांच्या टोपलीत ओतत आणि मग 'एक' पासून मोजायला लागत. लाभ गिऱ्हाइकाच्या हिशेबात नसे.

मी तशीच आत गेले आणि मामांवर तुटून पडले. "मामा, ही प्रयोगशाळा आहे की धान्याचा बाजार? लाभ कसला म्हणताय! आणि तो मोजणीत धरताय. म्हणून तुमचा दर वेळी एक जास्त येतोय. लाभ धरायचा नसतो, एवढं कळत नाही?"

मामा उठून उभे राहिले. दिव्यावरची नजर त्यांनी तेवढ्यातही काढली नाही.

"आमच्याकडं लाभ म्हंजी एकच, मॅडम. लाभ, दोन, तीन. आन् दिवा तर पेटला ना? कण आला ना? मग आलेला धरायचा नाय, तर काय करायचं?"

आणि मी स्वतः काय करत होते ते मला स्वच्छ ऐकू आलं. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर, डोळ्याच्या कोपऱ्यात दिवा आणि ओठांवर लाभ, एक, दोन, तीन. अवकाशातून इतका लांबचा प्रवास करून आलेला पहिला कण मी दर अर्ध्या तासाला पाखरांच्या टोपलीत टाकत होते. सरळ दिशेच्या एकशे वीसमधला एक गेलेला कोणाला कळत नाही, पण आठातला एक गेला की कळतो. मला इतकी लाज वाटली की मामांची माफी मागतानासुद्धा मी आधी टेबलाकडे बघून बोलले. मग त्यांच्याकडे बघून पुन्हा मागितली. "जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले, "पण तुमच्यापायी माझे दोन-तीन दिवे मोजायचे राहिले. हा कागद बाद करा."

त्या संध्याकाळी मी माझ्या प्रत्येक कागदात एक मिळवून पाहिला. सगळे बिंदू वक्रावर असे जाऊन बसले की मला हुरूप आला. दोन टक्के शाबूत, सारांश शाबूत, कोणाला काही सांगायची गरज नाही. चहा संपेपर्यंत मी खूश होते. मग एक साधा प्रश्न आडवा आला. मी लाभ रोज म्हणत होते का? उत्तरपत्रिका तपासताना म्हणत असणार. पण वर्गातली मुलं बघायला येऊन शेजारी बसायची तेव्हा मी मोठ्याने मोजायची, आणि मुलांसमोर मी नक्कीच एकापासून सुरुवात केली असणार. कुठला कागद कुठल्या दिवसाचा ते कळत होतं. त्या दिवशी शेजारी कोण होतं, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. एक मिळवायचं कारण आता एकच उरलं होतं, ते म्हणजे उत्तर हवं तसं येत होतं.

माझे सगळे कागद मी बाजूला काढले. निम्मं काम गेलं. पुढचे आठ दिवस मामा आणि मी शेजारी बसून, एकमेकांचा आकडा न सांगता, एकाच वेळी मोजत राहिलो. आमचे आकडे एकदाही वेगळे आले नाहीत, त्यामुळे मामांच्या कागदांवर विसंबता येतं याची खात्री झाली. दोन टक्क्यांची अनिश्चितता तीनवर गेली. पहिल्या पानावर माझ्या नावाशेजारी मी मामांचं पूर्ण नाव लिहिलं. कॉलेजात ते बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळलं.

पुण्यात मी सगळं सांगितलं. लाभ, पाखरांची टोपली, मामांना दिलेली दटावणी, काहीही गाळलं नाही. लोक हसले, मीही हसले. गाइड हसले नाहीत. ते माझ्या आलेखाकडे पाहत होते. तीन टक्क्यांची अनिश्चितता दाखवणाऱ्या लांब रेघा, निम्मी मोजणी बाद. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "प्रत्येक कागदात एक मिळवून का नाही घेतलात? सगळे बिंदू बरोबर वक्रावर बसले असते."

"बसले होते, सर," मी म्हणाले. "म्हणूनच नाही मिळवला."