आपांना लागणारा चहा

औरंगाबादच्या आमच्या हॉस्पिटलात एखादी बाई नवऱ्यासोबत आली, की डॉ. रजिया मॅडमना चहाची तलफ यायची. तीही गेटबाहेरच्या, बिनसाखरेच्या चहाची; आणि तो आणायचा नवऱ्यानंच. मॅडम मूळच्या खुलताबादच्या. सगळे त्यांना आपा म्हणायचे. मी मनातल्या मनात चहाबाज म्हणायचो. पेशंट कण्हतोय आणि ह्यांना चहा सुचतोय! मी नवाकोरा डॉक्टर होतो, त्यामुळे मला सगळंच कळत होतं.

एकदा पाचोडची एक बाई आली. कपाळाला खोक. "ओट्यावरून पडली," नवरा म्हणाला. मी टाके घातले, मान पाहिली. एकही वळ नाही. घरी जा म्हणणार, तोच आपांनी तिला नाव विचारलं. तिनं सांगितलं, पण आवाज पार बसलेला.

"सर्दी हाय तिला," पुन्हा नवराच.

"भाऊ, जरा गेटबाहेरून चहा आणा. बिनसाखरेचा."

तो उठला. आणि आपांची मर्जी राखायला मी घरचा थर्मास पुढं केला. "मॅडम, चहा आहे की!"

नवरा परत बसला.

"मला साखर चालत नाय," आपा दातओठ खात म्हणाल्या.

"खास बिनसाखरेचाच आणलाय, मॅडम!"

आपांनी कपाळाला हात लावला. "भाऊ, हे डॉक्टरसाब सकाळपासून उपाशी आहेत. भुकेनं ह्यांची अक्कल बंद पडते. ह्यांना बिस्किटं खाऊ घालून आणा."

त्यानं खरंच खाऊ घातली. परतलो तर दाराशी आपांनी बोलावलेला पोलीस. त्यानं नवऱ्याला बाहेरच अडवलं. आत आपांनी बाईची पापणी ओढून दाखवली. आत रक्ताचे बारीक ठिपके.

"गळा दाबला त्यांनी," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अंधारी आली. आता थुंकीबी गिळवत नाय."

"वळ शोधत बसला होतास? लई वेळा वळ नसतोच, मियाँ! आवाज ऐक, डोळे बघ, गिळवतं का विचार. सूज मागाहून चढते, श्वास कोंडतो. अन् हे विचारायचं कधी? तो नसताना! म्हणून चहा, बाबा, म्हणून चहा!"

बाईला भरती केलं. पुढं तिचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. निघताना तिचा आवाज थोडा सुटला होता. मला म्हणाली, "डॉक्टर, काही खाल्लं का?"

आपा निवृत्त झाल्या, मग गेल्याही. खुर्चीबरोबर तलफ माझ्याकडे आली. परवा एका नवऱ्याला चहाला पिटाळत होतो, तर नवा इंटर्न धावत आला. "सर, त्यांना कशाला त्रास? मी आणतो ना!"

मी कपाळाला हात लावला. "भाऊ," नवऱ्याला म्हणालो, "हा पोरगा सकाळपासून उपाशी आहे."